फेंगयांगचा शिलालेख

राज्य स्थिर झाले, खजिना भरला आणि दरबारात पंडितांची ये-जा सुरू झाली, म्हणजे राजघराण्याच्या मूळपुरुषाला कोणी देव, कोणी ऋषी, निदान एखादे विस्मृतीत गेलेले प्राचीन राजकुल पूर्वज म्हणून मिळवून दिले जाते, ही रीत पृथ्वीच्या पाठीवर फार जुनी आहे. चीनच्या बखरींतही तिची उदाहरणे विपुल आहेत. त्याच चीनमध्ये, १३६८ साली मिंग घराण्याची स्थापना करून तीस वर्षे निरंकुश सत्ता चालविलेल्या एका सम्राटाने आपल्या बापाच्या समाधिस्थानावर स्वतः रचलेला एक लेख कोरवून घेतला. आणि त्यात आपले आईबाप दुष्काळाच्या व साथीच्या वर्षात कसे मेले, त्यांना मूठमाती देण्यापुरतीही जमीन आपल्यापाशी कशी नव्हती, आणि पुढे आपण भिक्षा मागत कोणत्या मुलखांतून हिंडलो, हे सारे आडपडदा न ठेवता सांगितले. तो लेख आन्हुई प्रांतातील फेंगयांग या गावाबाहेर आजही उभा आहे. त्याची हकीकत प्रथम वाचली तेव्हापासून ती शिला डोळ्यांनी पाहावी ही इच्छा माझ्या मनात घर करून होती, आणि चीनच्या प्रवासाचा योग आला तेव्हा पेकिंगच्या राजवाड्याआधी मी या आडगावाचा रस्ता धरला.

सामान्य रयतेतून उठून चिरस्थायी घराणे स्थापन करणारे पुरुष चीनच्या इतिहासात दोनच समजले जातात. त्यांतील पहिला, हान घराण्याचा लिऊ बांग, हा शेतकऱ्याचा मुलगा खरा. परंतु बंड करण्यापूर्वी तो एका चौकीचा लहानसा का होईना, सरकारी अंमलदार होता. त्याला गावात ओळख होती, स्नेही होते, रात्री निजायला घर होते. दुसरा, म्हणजे आपला झू युआनझांग, ज्याला त्याच्या राज्यशकावरून होंगवू सम्राट म्हणतात, त्याला ऐन सोळाव्या वर्षी यांपैकी काहीही उरले नव्हते. इतक्या खालून इतक्या वर गेलेला दुसरा राजा जगाच्या इतिहासात सहजी सापडणार नाही, असे मला वाटते.

या पुरुषाची कथा शेवटाकडून आरंभाकडे वाचावी असे ठरवून मी प्रथम नानजिंगला उतरलो, कारण त्याची राजधानी तेथे होती आणि त्याची समाधीही तेथेच आहे. शहराच्या पूर्वेस जांभळा डोंगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पर्वताच्या पायथ्याशी तो आपल्या राणीसह चिरनिद्रा घेत आहे. समाधीकडे जाणारा मार्ग सरळ नसून एका टेकडीला वळसा घालून जातो. त्या टेकडीवर हजाराहून अधिक वर्षांपूर्वीच्या सुन च्वान नावाच्या दुसऱ्या एका राजाचे थडगे आहे आणि होंगवूने ते हलविले नाही. मार्गाच्या दुतर्फा सिंह, उंट, हत्ती, घोडे अशी पाषाणाची जनावरे, प्रत्येक जातीची एक जोडी बसलेली व एक उभी, अशी मांडलेली आहेत. त्यांच्यापुढे दरबारी अधिकारी व सेनापती हात जोडून उभे आहेत. आणि सर्वांच्या शेवटी झाडीने झाकलेली एक विस्तीर्ण टेकडी असून ही टेकडी म्हणजेच मिंगच्या आद्य सम्राटाची कबर, एवढाच मजकूर तिच्या भिंतीवर आहे. ती कबर आजवर कोणी उकरलेली नाही. मी गेलो तेव्हा वसंत ऋतूचा आरंभ होता आणि नगरवासीयांची कुटुंबेच्या कुटुंबे फुललेल्या झाडांखाली बसली होती.

नानजिंगचा तट मात्र मला समाधीहून अधिक बोलका वाटला. जवळपास पस्तीस किलोमीटर लांबीचा हा तट होंगवूच्याच हुकमाने उभा राहिला आणि त्यापैकी सुमारे पंचवीस किलोमीटर अद्याप शाबूत आहे. त्याच्या विटा जवळ जाऊन पाहाव्या. एकेका विटेच्या अंगावर ती कोणत्या सुभ्यातील, कोणत्या परगण्यातील, कोणत्या अंमलदाराच्या देखरेखीखाली, कोणत्या मुकादमाच्या टोळीत, कोणत्या भट्टीवाल्याने भाजली आणि कोणत्या मजुराने थापली, याचा तपशील उठविलेला आहे. वीट कच्ची निघाली तर दाद कोणाकडे मागायची आणि शिक्षा कोणाला द्यायची, हे त्या अक्षरांवरून तत्काळ समजावे, हा त्यातील हेतू. परंतु त्यामुळे असे झाले आहे की सहाशे वर्षांपूर्वीच्या शेकडो अनाम खेडुतांची नावे, ज्यांची नोंद कोणत्याही बखरकाराने घेतली नसती, ती राजधानीच्या तटावर उन्हापावसात टिकून राहिली. आपल्या राज्यातील प्रत्येक माणसाचे नाव, गाव आणि काम आपल्याला ठाऊक असले पाहिजे, हा या सम्राटाचा ध्यास होता. त्याचे मूळ कोठे असावे, हा प्रश्न मनात घेऊनच मी पुढच्या प्रवासाला निघालो.

रेल्वेने यांगत्से ओलांडली की दक्षिण चीनची पाणथळ भातशेते हळूहळू मागे पडतात, आणि बेंगबूपर्यंत पोचता पोचता गव्हाची सपाट शिवारे सुरू होतात. हा ह्वाई नदीचा मुलूख. बेंगबूहून फेंगयांगला मोटारीचा थोडाच रस्ता आहे. दोन्ही बाजूंना कोवळा गहू, मध्येच पिवळ्या फुलांनी भरलेली तेलबियांची शेते, दूरवर बुटक्या टेकड्या, असा तो देखावा इतका शांत आणि सुखवस्तू दिसतो की याच मातीने शतकानुशतके आपल्या लेकरांना भीक मागायला घराबाहेर काढले, यावर विश्वास बसू नये. त्याचे कारण ह्वाई नदीत नसून तिच्या उत्तरेच्या पीत नदीत आहे. ११२८ साली जुर्चेन फौजेला अडविण्यासाठी सोंग राज्याच्या एका अधिकाऱ्याने पीत नदीचे बांध फोडले. नदी आपला उत्तरेचा मार्ग सोडून दक्षिणेकडे वळली, आणि १८५५ साली पुन्हा उत्तरेकडे जाईपर्यंत, सातशेहून अधिक वर्षे, तिचा गाळ ह्वाईच्या पात्रात साचत राहिला. मुखाकडचे पात्र गाळाने उंचावल्यावर ह्वाईच्या पाण्याला समुद्राकडे जायला वाट उरली नाही. पाऊस फार झाला तर पूर, कमी झाला तर अवर्षण, आणि अवर्षणामागून टोळ, असे या मुलखाचे दैव त्या एका फुटलेल्या बांधाने लिहून ठेवले. राजांच्या युद्धनीतीचे ऋण रयतेने किती पिढ्या फेडावे याचे याहून भयंकर उदाहरण मला माहीत नाही.

फेंगयांगात एका शाळेत इतिहास शिकविणारे एक वयोवृद्ध शिक्षक आमच्याबरोबर आले. माझा दुभाषी तरुण होता आणि त्याला जुन्या लेखाची भाषा कठीण जाई; तेव्हा शिक्षकांनी मूळ मजकूर आजच्या बोलीत सांगावा आणि दुभाष्याने तो मला समजावा, अशी व्यवस्था ठरली. समाधिस्थान गावाच्या नैर्ऋत्येस आहे. तेथे पाषाणमूर्तींच्या बत्तीस जोड्या आहेत, नानजिंगच्या खुद्द सम्राटाच्या समाधीपुढे आहेत त्यांहूनही अधिक. ज्या बापाला मेल्यावर पेटी मिळाली नाही, त्याच्या थडग्यापुढे लेकाने वाघ, सिंह, मेंढे, खोगीर चढविलेले घोडे, घोड्यांचे मोतद्दार, शास्त्री आणि सेनापती यांची ही अखंड रांग उभी केली. मूर्तींच्या अलीकडे, मार्गाच्या दोन बाजूंना, दगडी कासवांच्या पाठीवर दोन शिला समोरासमोर उभ्या आहेत. त्यांतील एकीवर एकही अक्षर नाही. दुसरी, तीन पुरुषांहून उंच आणि वर सर्पाकृती ड्रॅगनांनी वेढलेली, ती मी ज्यासाठी आलो होतो ती शिला.

लेखाच्या प्रारंभी सम्राटाने तो स्वतः का लिहिला, हे सांगितले आहे. राज्यारोहणानंतर लवकरच, १३६९ साली, येथे एक शिला उभी राहिली होती. तिचा मजकूर वेई सू नावाच्या विद्वानाने रचला होता. नऊ वर्षांनी, १३७८ साली, सम्राटाने ती बदलण्याचा हुकूम दिला. त्याने दिलेले कारण असे, की दरबारी पंडितांच्या लेखणीला रंगसफेदी करण्याची सवय असते आणि अशा मजकुरापासून आपल्या मुलानातवंडांना काही बोध होणार नाही. आरशात आपला सुरकुतलेला चेहरा व पांढरे केस पाहून जुने हाल आठवले आणि मग आपण स्वतःच लेखणी घेतली, असेही तो लिहितो. ज्या माणसाला बालपणी शाळेचे तोंड क्वचितच दिसले, जो मठात आणि छावणीत तुकड्यातुकड्यांनी अक्षरे शिकला, त्याने आपल्या हयातीचा हा जबाब हजाराहून अधिक अक्षरांत, यमकबद्ध रचनेत, दिला आहे. शिक्षक तो वाचू लागले तेव्हा त्या यमकांचा ठेका मला भाषा न समजताही ऐकू येत होता.

आता त्या जबाबामागची हकीकत. झू घराणे मूळचे नानजिंगजवळच्या ज्यूरोंगचे. मंगोल अमदानीत सरकारी दप्तरात त्यांची नोंद सोने धुऊन काढणारे कुटुंब म्हणून झाली होती, आणि दरवर्षी ठरावीक सोने सरकारजमा करणे त्यांना भाग होते. त्या मातीत सोने मुळीच नव्हते. धान्य विकायचे, त्या पैशांनी बाजारात सोने विकत घ्यायचे आणि ते सरकारात भरायचे, असा हा वसूल चालला; अखेर आजोबाने घरदार सोडून रातोरात उत्तरेचा रस्ता धरला. सम्राटाचा बाप जन्मभर दुसऱ्याची जमीन बटाईने कसत एका गावातून दुसऱ्या गावात बिऱ्हाड हलवीत राहिला. पडीक जमीन उपजाऊ करावी, चांगली झाली की मालकाने काढून घ्यावी, असा तो क्रम. मुले सहा, त्यांतील सर्वांत धाकटा १३२८ साली जन्मला. त्याचे नाव चोंगबा, म्हणजे ‘दुहेरी आठ’, कारण त्या काळी चीनमधील गरीब कुणब्यांच्या मुलांना बहुधा भाऊबंदांतील क्रमांकावरूनच ओळखत. त्याच्या जन्मवेळी घरातून रक्तवर्ण प्रकाश निघाला आणि शेजारी आग लागली समजून धावत आले, अशी कथा सरकारी इतिहासात आहे. सम्राटाच्या स्वतःच्या लेखात तिचा उल्लेख नाही, याची मला विशेष नोंद घ्यावीशी वाटते.

१३४४ चे वर्ष उजाडले ते अवर्षण, टोळधाड आणि साथ बरोबर घेऊनच. चौथ्या चांद्रमासात, तीन आठवड्यांच्या आत, प्रथम बाप, मग थोरला भाऊ आणि मग आई, अशी तीन माणसे घरातून गेली. बापाचे वय चौसष्ट, आईचे एकोणसाठ. मधला भाऊ आणि हा सोळा वर्षांचा धाकटा, असे दोघे जण प्रेते घरात ठेवून जमीनदाराच्या दारात उभे राहिले आणि पुरण्यापुरत्या जागेची भीक मागू लागले. जमीनदाराने जागा तर दिली नाहीच, उलट त्यांच्यावर ओरडून त्यांना हाकलून दिले. तेव्हा त्याच जमीनदाराचा भाऊबंद लिऊ जीझू याला दया आली आणि त्याने आपल्या शेताचा तुकडा दिला. पेटी नव्हती, अंगावरच्या फाटक्या वस्त्रांत देह गुंडाळले, त्यांच्यावर जेमतेम तीन फूट माती लोटली, आणि नैवेद्याला ठेवण्यासारखे काहीही नव्हते. हा भाग वाचताना शिक्षकांचा आवाज मंदावला. मी ज्या जमिनीवर उभा होतो ती म्हणजे लिऊ जीझूने दिलेले ते शेत, हे त्या क्षणी मला उमगले. माझे डोळे पाण्याने भरले, आणि ते लपविण्याची मला आवश्यकता वाटली नाही.

दफन झाले, तरी पोटाचा प्रश्न होताच. गवत आणि झाडांच्या साली खाऊन लोक दिवस काढीत होते. दोघे भाऊ गळ्यात पडून रडले आणि वेगळे झाले. शेजारच्या वांग आडनावाच्या एका म्हातारीने आपल्याजवळचे किडूकमिडूक खर्चून उदबत्त्या आणि दक्षिणा यांची तयारी केली आणि आपल्या मुलाला सोबत देऊन या पोरक्या मुलाला मठात पोचविले. तेथे त्याचे केस उतरले. झाडलोट करावी, पाणी भरावे, वडील भिक्षूंची बोलणी खावी, आणि त्याबदल्यात दोन घास मिळावे, एवढीच त्याची अपेक्षा होती. परंतु मठाचे उत्पन्नही खंडावर चाले आणि त्या वर्षी खंड कोण देणार? पन्नासएक दिवसांतच कोठाराला कुलूप लागले आणि ज्याने त्याने आपली वाट पाहावी असे ठरले. मंत्र येत नाहीत, धंदा येत नाही, नातलग नाही, अशा अवस्थेत हा मुलगा भिक्षेला निघाला. सुमारे तीन वर्षे तो ह्वाई नदीच्या पश्चिमेकडील मुलखात हिंडत होता. दिवसा जेथे चुलीचा धूर दिसेल तिकडे चालावे, रात्री एखाद्या ओसाड देवळात पडावे, डोंगरात वानरांचे केकाटणे ऐकत जागावे आणि आईबाप आठवून रडावे, असे ते दिवस त्याने लेखात वर्णिले आहेत. राज्य मिळाल्याचा भाग तो याच्या मानाने पुष्कळच भरभर सांगतो.

लिऊ जीझू आणि वांग म्हातारी यांचा उल्लेख या लेखात आला, हा माझ्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. सम्राटाने लिऊ जीझूला मरणोत्तर सरदारकी दिली, आणि लिऊ व वांग या दोन घरांतील पुरुषांना या समाधिस्थानाच्या व्यवस्थेवर नेमले; दुष्काळात दिलेल्या एका तुकड्याचे आणि चार उदबत्त्यांचे हे वतन झाले.

पुढचा इतिहास ग्रंथांतून सर्वश्रुत आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. पीत नदीचे फुटलेले बांध घालण्यासाठी मंगोल सरकारने १३५१ साली ज्या लू या अधिकाऱ्याच्या हाताखाली दीड लाख मजूर वेठीला जुंपले. नदीच्या पात्रात एक डोळा असलेला दगडी पुतळा सापडला. तो बंडखोरांनीच पुरून ठेवला होता, आणि त्याविषयी भविष्यवाणीही त्यांनीच अगोदर पसरविली होती. उपाशी मजुरांत ती वणव्यासारखी फिरली आणि लाल फेटेवाल्यांचे बंड पेटले. १३५२ साली बंडाच्या धामधुमीत चोंगबाचा मठ जळाला. तो हाओजोवच्या किल्ल्यात क्वो त्सशिंग नावाच्या बंडखोर नायकाच्या फौजेत दाखल झाला. पुढच्याच वर्षी त्या किल्ल्याला वेढा घालून बसलेला मंगोलांचा अधिकारी होता तोच ज्या लू, आणि तो वेढ्यातच मरण पावला. क्वोने आपली मानलेली मुलगी, मा नावाची, या शिपायाला दिली. सासरा संशयी होता. एकदा त्याने जावयाला उपाशी ठेवले असता तिने चुलीवरची गरम भाकर छातीशी लपवून नेली आणि तिचे अंग भाजले, असे इतिहासात नमूद आहे. ती १३८२ साली वारली, आणि तिच्या मागे होंगवूने दुसरी सम्राज्ञी केली नाही. १३५६ साली नानजिंग हाती आले, १३६३ साली पोयांग सरोवरात सर्वांत प्रबळ प्रतिस्पर्ध्याचे आरमार बुडाले, आणि १३६८ च्या जानेवारीत ह्वाईकाठचा हा भिक्षेकरी सिंहासनावर बसला.

दुपारनंतर आम्ही मधल्या राजधानीचे अवशेष पाहायला गेलो. सिंहासनावर बसल्यावर दुसऱ्याच वर्षी होंगवूने आपल्या जन्मगावी नवी राजधानी बांधण्यास आरंभ केला होता. लिऊ जी नावाच्या त्याच्या चतुर मंत्र्याने, हे महाराजांचे जन्मस्थान खरे, परंतु राजधानीची जागा नव्हे, असे बजावले होते. सम्राटाने ऐकले नाही. तिहेरी तट, पेकिंगच्या पुढील राजवाड्याहूनही विस्तृत आवार, ड्रॅगन कोरलेल्या प्रचंड स्तंभशिला, असे हे काम सहा वर्षे चालले आणि १३७५ साली, जवळजवळ पुरे होत आले असता, खर्चाचे कारण सांगून त्याने ते एकाएकी थांबविले. आज तेथे दक्षिण दरवाज्याचे भग्न चौथरे, पश्चिमेकडील तटाची एक लांब भिंत आणि त्यांच्या मध्ये मोकळी जमीन आहे. गेल्या दशकात पुरातत्त्ववेत्त्यांनी येथे पद्धतशीर उत्खनन केले असून मुख्य प्रासादाचे जोते उघडे केले आहे.

या भिंतींशी निगडित एक प्रसंग मिंग घराण्याच्या इतिहासात नोंदविलेला आहे. बांधकाम पाहायला आलेला सम्राट नव्या दिवाणखान्यात बसला असता छपराच्या आढ्यावर हत्यारबंद माणसे झुंजत असल्याचा त्याला भास झाला. कारागिरांनी करणी केली आहे, असे एका ज्येष्ठ मंत्र्याने सांगितले. सम्राटाने सर्व कारागिरांना ठार करण्याचा निश्चय केला. तेव्हा श्वे श्यांग नावाच्या अधिकाऱ्याने हजेरीपट मांडून दाखविले, की पाळीवर नसलेल्या माणसांचा यात संबंध नाही. लोहार आणि पाथरवट यांचाही नाही. आणि अशा रीतीने त्याने हजारभर जीव वाचविले. ज्या माणसाने फाटक्या वस्त्रांत आईबाप पुरले, त्यानेच वेठीला आलेल्या गरिबांवर हे फर्मान काढावे, ही गोष्ट मला त्या भिंतीशेजारी उभा असताना फार जड गेली.

परंतु ती टाळून या माणसाविषयी काही लिहिणे म्हणजे त्याला नको असलेली रंगसफेदीच त्याच्यावर चढविण्यासारखे होईल. दारिद्र्याने त्याला रयतेचा कैवार शिकविला, यात शंका नाही. १३८१ पासून त्याने देशभर कुटुंबांची पिवळी दप्तरे तयार करविली. दर एकशे दहा घरांचा एक गट, दर दहा वर्षांनी नव्याने नोंदणी, आणि मुख्य प्रती नानजिंगच्या सरोवरातील बेटांवर, आगीपासून सुरक्षित. जमिनींची मोजणी होऊन माशाच्या खवल्यांसारखे दिसणारे शेतांचे नकाशे तयार झाले. सोने नसलेल्या गावाकडून सोने वसूल करणारी खोटी नोंद ज्याच्या आजोबाला देशोधडीला लावते, त्याला खऱ्या नोंदीचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. १३८५ च्या आपल्या महाज्ञापनात त्याने त्याहीपुढे जाऊन जुलमी कारकुनाला पकडून थेट राजधानीत आणण्याची मुभा शेतकऱ्यांना दिली. चांगशू परगण्याच्या चेन शोलिऊ नावाच्या कुणब्याने एका कारकुनाला तसे खरोखरच बांधून आणले, आणि सम्राटाने त्याला बक्षीस देऊन त्याच्या घराला वेठ माफ केली.

आणि त्याच दारिद्र्याने त्याला भय शिकविले. ज्याला एकदा सर्व काही गमवावे लागले, त्याला कोणाचाच भरवसा वाटेना. १३८० साली त्याने आपल्या प्रधानाला, हू वेईयोंगला, राजद्रोहाच्या आरोपावरून मारले आणि प्रधानपदच कायमचे रद्द केले. १३९३ साली सेनापती लान यूची पाळी आली. या दोन प्रकरणांच्या शाखा-उपशाखांत हजारो माणसांचे बळी गेले. त्यांत त्याच्याबरोबर भुकेले राहिलेले, त्याच्याबरोबर लढलेले जुने सोबती होते. काही अभ्यासक त्याची करुणा आणि त्याचे क्रौर्य अशी दोन स्वतंत्र प्रकरणे पाडतात. फेंगयांगची शिला वाचल्यावर मला ते पटेनासे झाले. दोहोंचा उगम त्या चौथ्या चांद्रमासातच आहे. जमीनदाराच्या ओरडण्यात एक आहे आणि लिऊ जीझूच्या शेतात दुसरा.

गावात परतताना ढोलबुरुजावरून आलो. याचा वीटबंदी पाया मूळचा असून वरचा मजला अलीकडचा आहे. दरवाज्याच्या कमानीवर, हे स्थान दहा सहस्र पिढ्यांचे मूळ आहे, अशा आशयाची चार मोठी अक्षरे आहेत. पिढ्या इतक्या झाल्या नाहीत. १६३५ साली, म्हणजे घराणे बुडण्याच्या नऊ वर्षे आधी, उपाशी शेतकऱ्यांचीच एक बंडखोर फौज फेंगयांगवर चालून आली आणि तिने समाधिस्थानावरील इमारती जाळल्या. दगड तेवढे उरले. शिक्षकांनी हे सांगितले तेव्हा त्यांच्या स्वरात विषादही नव्हता आणि समाधानही नव्हते. दुष्काळ, बंड, राज्य, आणि पुन्हा दुष्काळ, ही साखळी त्यांना पाठ होती.

सम्राटाने १३८३ साली आपल्या जन्मभूमीच्या लोकांना सारा आणि वेठ कायमची माफ केली होती. दक्षिणेकडील सुपीक प्रदेशातून एक लाखाहून अधिक माणसे हुकमाने हलवून त्याने त्यांना येथे वसविले, की ही ओसाड जमीन पुन्हा लागवडीस यावी. तरीही पुढील शतकांत फेंगयांगचे नाव साऱ्या चीनमध्ये प्रसिद्ध झाले ते भिकाऱ्यांसाठी. लहानसा ढोल गळ्यात अडकवून येथील बायका आणि मुली हिवाळ्यात दक्षिणेकडे जात आणि दारोदार गात. त्यांच्या गाण्याचा मथितार्थ असा, की आमचे गाव एके काळी चांगले होते, परंतु येथे झू सम्राट निपजला आणि तेव्हापासून दुष्काळ हटेना. हे गाणे रयतेने आपल्याच गावच्या सम्राटाला दिलेला जबाब आहे असे मी समजतो, आणि त्याच्या शिलालेखाशेजारी ते ठेवल्यावाचून त्या लेखाचे वाचन पुरे होत नाही.

याच तालुक्यात श्यावगांग नावाचे खेडे आहे. १९५९ ते १९६१ च्या महादुष्काळाने फेंगयांगची अपरिमित हानी केली होती, आणि त्यानंतरही या खेड्यातील कुटुंबे ढोल घेऊन भिक्षेला जात असत. १९७८ च्या हिवाळ्यात तेथील अठरा कुणबी रात्री एकत्र जमले आणि सामुदायिक जमीन घराघरांत वाटून घेण्याचा करार त्यांनी गुप्तपणे केला. सरकारचा हिस्सा प्रथम भरायचा, उरेल ते ज्याचे त्याने ठेवायचे, आणि या गुन्ह्याबद्दल म्होरक्यांना तुरुंगात जावे लागले तर त्यांची मुले अठरा वर्षांची होईपर्यंत इतरांनी सांभाळायची, असे लिहून खाली सह्या झाल्या, बहुतेक लाल शाईच्या अंगठ्यांच्या. पुढच्या हंगामात कोठारे भरली. पाच-सहा वर्षांत ती पद्धत सबंध चीनभर मान्य झाली. पोरक्या होऊ घातलेल्या मुलांची तरतूद जिच्यात आहे अशी ती कागदाची एक चतकोर, १३४४ च्या फेंगयांगात लिहिली गेली असती, तर चोंगबाला मठाचे दार ठोठावावे लागले नसते.

बेंगबूच्या मोटारीची वेळ होईतो मी शिक्षकांना विचारले, की विद्यार्थ्यांना ते समाधिस्थानावर आणतात तेव्हा लेखाचा कोणता भाग वाचून घेतात. विजयांचा भाग मुले पुस्तकात वाचतात, ते म्हणाले. येथे मी त्यांच्याकडून लिऊ आणि वांग या दोन शेजाऱ्यांचा भाग मोठ्याने म्हणवून घेतो. मग मुलांना घरी जाऊन आजोबा-आजींना विचारायला सांगतो, की आपले कुटुंब या मुलखात केव्हा आणि कोठून आले, आणि आले तेव्हा पहिली जागा कोणी दिली. पुष्कळ मुले दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडच्या एखाद्या गावाचे नाव घेऊन येतात. जागा देणाऱ्याचे नाव मात्र थोड्याच घरांत आठवते. ते ज्याला सापडते, त्याच्याकडून शिक्षक ते वहीत लिहून घेतात.